पावसातली गर्दीची शर्यत, आणि तरीही दहा किलोमीटर तासाच्या आत

प्रश्न: सर, मी ४१ वर्षांची, कळव्याला राहते, बँकेत नोकरी करते. दहा किलोमीटरची माझी सर्वोत्तम वेळ १:००:४८ आहे, जानेवारीतली. मागच्या ऑगस्टात ठाण्यात एका पावसाळी शर्यतीत धावले. गर्दी इतकी की पहिल्या किलोमीटरलाच घड्याळात आठ मिनिटं गेली. मग जीव खाऊन दुसरा ५:२५ ने आणि तिसरा ५:२० ने काढला. चौथ्यापासून पाय बसले ते बसलेच. घड्याळात १:०४:०५ आले. प्रमाणपत्रावर दोन वेळा छापल्यात, १:०४:०५ आणि १:०२:३५. यंदा पाच आठवडे हातात आहेत. पाऊस आणि गर्दी असताना तासाच्या आत येणं जमेल का, की जानेवारीचीच वाट बघू?

उत्तर:

जमेल. जानेवारीत धावाच, पण त्यासाठी ऑगस्ट सोडून देऊ नका.

आधी ते प्रमाणपत्र पुन्हा हातात घ्या, ताई. त्यावरची मोठी वेळ म्हणजे ग्रॉस टाइम, बंदूक वाजल्यापासूनची. छोटी म्हणजे नेट टाइम, तुमच्या बिबमागची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदामागची, चिप सुरुवातीच्या रेषेवरच्या वेळ नोंदवणाऱ्या चटईवरून गेली तेव्हापासूनची. तुमच्या घड्याळातली वेळ आणि ग्रॉस टाइम सेकंदासकट एकच आहे. याचा अर्थ बंदूक वाजताच तुम्ही घड्याळाचं बटण दाबलंत, आणि मग दीड मिनिट आधी उभ्या राहून, नंतर मुंगीच्या पावलांनी चटईपर्यंत पोचलात. हे दीड मिनिट तुमच्या खात्यात कुणी धरत नाही. (बक्षिसांचे नंबर बहुधा बंदुकीच्या वेळेवर लागतात, पण ती भानगड पहिल्या रांगेतल्यांची.) म्हणजे तुमचा पहिला किलोमीटर आठ मिनिटांचा नव्हता, साडेसहाचा होता. सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांनी, जायचं होतं, गेली होती तीस सेकंद. पण डोक्यात दोन मिनिटं बसली, आणि जे देणं लागतच नव्हतं ते तुम्ही दोन किलोमीटरमध्ये फेडायला निघालात.

बँकेत आहात, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. पहिला किलोमीटर ६:३०. उरलेले नऊ प्रत्येकी ५:५५ ने. बेरीज ५९:४५. झालं की नाही तासाच्या आत? सहाच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे फक्त पाच सेकंद. हा हप्ता शेजारून धावणाऱ्याला कळणारही नाही इतका छोटा आहे. तुम्ही मात्र पस्तीस आणि चाळीस सेकंदांचे दोन दणदणीत हप्ते भरलेत. ५:२० हा तुमच्या सध्याच्या तयारीत दीड-दोन किलोमीटर जिवाच्या आकांताने पळण्याचा वेग आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला वापरला की पुढच्या सात किलोमीटरना सरासरी साडेसहा मिनिटं लागणारच, आणि तुमची तेवढीच लागली.

गर्दीच्या शर्यतीत पीबी, म्हणजे आपली सर्वोत्तम वेळ, हातची जाते ती बहुतेक वेळा अशी. गर्दीने घेतलेली सेकंदं थोडीच असतात. ती गर्दीतच, तिथल्या तिथे वसूल करायला गेलो की मोठा खड्डा पडतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतल्या आठ जणांना वाटतं की त्यांना पेस वाढवायची आहे. खरं तर त्यांना पहिली पंधरा मिनिटं गप्प बसायला शिकायचं असतं.

यंदा घड्याळाचं बटण चटईवर पाय पडेल तेव्हा दाबा. एवढ्याने निम्मं काम झालं.

आता पाऊस. तुम्ही इंटरनेटवर पावसात धावण्याचे सल्ले वाचले असतील. हातमोजे घाला, बाह्या घाला, अंगावर कचऱ्याची मोठी पिशवी पांघरा, वगैरे. ते सल्ले थंड देशातले आहेत आणि तिथे ते बरोबरच आहेत. २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन गारठ्यात, धो-धो पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाली. बायकांमध्ये डेझरे लिंडन जिंकली ती २:३९:५४ या वेळेने, आणि त्याच बॉस्टनला २०११ मध्ये ती २:२२:३८ धावलेली होती. सतरा मिनिटं जास्त लागली तरी पहिली. पुरुषांमध्ये युकी कावाउची जिंकला, जो तेव्हा जपानात सरकारी कारकुनी करून उरलेल्या वेळात सराव करायचा. (आपल्यासारख्या नोकरदारांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.) तिथे पाऊस अंगातली ऊब काढून घेतो, स्नायू आखडतात, म्हणून पाऊस शत्रू.

ठाण्यात ऑगस्टच्या पहाटे पंचवीस-सव्वीस अंश असतात आणि हवा पाण्याने गच्च भरलेली असते. घाम धारांनी वाहतो, पण सुकत नाही. नुसता गळून जाणारा घाम काही कामाचा नाही. तो सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि तेच आपल्याकडे होत नाही. म्हणून जानेवारीत ज्या पेसला तुम्ही गप्पा मारू शकता, त्याच पेसला ऑगस्टात धाप लागते. अशा वेळी अंगावर पडणारं पावसाचं पाणी त्वचेपेक्षा बरंच गार असतं आणि घामाचं अर्धवट राहिलेलं काम ते करतं. त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळी शर्यतीत सगळ्यात चांगली सकाळ म्हणजे आभाळ भरलेलं आणि एकसारखी रिमझिम. त्यानंतरची म्हणजे कोसळणारा पाऊस, जिथे अंगाला त्रास नसतो, त्रास रस्त्याचा असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्रभर पडून सहाला उघडलेला पाऊस आणि वर श्रावणातलं ऊन. रस्त्यातून वाफा येतात, आणि लोक म्हणतात, वा, काय छान उघडीप मिळाली! तशी उघडीप मिळाली तर तासाचा नाद त्या दिवसापुरता सोडा, ६:१० ने निघा आणि शेवटी जमलं तर पुढे जा. हे मी निराशेने सांगत नाही. त्या हवेत सुरुवातीला साठलेली उष्णता नंतर कुठेही उतरवता येत नाही, एवढंच त्यातलं गणित.

पावसाचा खरा खर्च पायात असतो. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वजन वाढलं की धावण्याला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, हे मोजलेलं आहे. एक टक्का म्हणजे तुमच्या वेळेत अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. जाड, गुबगुबीत मोजा आणि फोमचा जाड बूट भरपूर पाणी धरून ठेवतो. तेव्हा पातळ सिंथेटिक मोजे, वरून जाळीचा बूट आणि खाली झिजलेला नसलेला सोल. नवा कोरा बूट त्या दिवशी काढू नका, पण दोन वर्षं जुना गुळगुळीत झालेलाही नको. सुरुवात होईपर्यंत बूट कोरडे ठेवायला साध्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वर रबरबँड लावा. दिसतं विनोदी, काम करतं. पण त्या पिशव्या रस्त्यावर भिरकावू नका, कंबरेच्या पाउचमध्ये कोंबा. मागून येणाऱ्याचा त्यावरून पाय घसरतो, आणि ठाण्याच्या नाल्यांमध्ये प्लास्टिकची भर घालायची आणखी गरज नाही.

सुती टी-शर्ट पाणी पिऊन मांड्यांपर्यंत लोंबतो, तो घरीच ठेवा. व्हॅसलिन बोटांच्या मध्ये, टाचेला, काखेत आणि मांड्यांना. माझ्या गटातल्या बायका सांगतात की स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली ते विसरलं तर अंघोळीच्या वेळी आठवण होते. कपाळावर पुढे चोच असलेली टोपी घाला, डोळ्यांत पाणी जात नाही. चष्मा असेल तर टोपी हवीच.

चष्म्यावरून माझीच एक गोष्ट. २००४ मध्ये पहिली मुंबई मॅरेथॉन झाली, तिचे पेपरातले फोटो बघून मी धावायला लागलो. पुढची दहा वर्षं घड्याळाचा गुलाम होतो. २०१४ च्या ऑगस्टात एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या पाचशे मीटरमध्येच चष्म्यावर वाफ धरली. पुसला तर चिखलाचे डाग. काढून हातात घेतला, तर मनगटावरचे आकडे दिसेनात. पुढे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ धावत होते, पाठ ताठ, पावलं घड्याळाच्या लंबकासारखी. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे जाऊन बसलो, आणि दुसरं काही दिसतच नसल्याने तिथेच राहिलो. सातव्या किलोमीटरपर्यंत एकदाही पेस बघितली नाही. मग ते थोडे मंदावले, मी पुढे गेलो. त्या दिवशी माझी पीबी अडतीस सेकंदांनी सुधारली. चष्म्याला श्रेय द्यायचं की त्या काकांना, अजून ठरवलेलं नाही.

गर्दीत कसं धावायचं, हे सरावात कुणी शिकवत नाही, कारण सराव आपण पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर करतो. त्यासाठी माझा उपाय तलावपाळी. रविवारी संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती काय असतं तुम्हाला माहीत आहे: हातात हात घालून चालणारी जोडपी, बुढ्ढी के बाल, सायकलवरची पोरं, मधेच थबकून फोनवर बोलणारे काका. तिथे अर्धा तास हळू जॉगिंग करा. वेग वाढवायचा नाही, कुणाला धक्का लागू द्यायचा नाही आणि थांबायचंही नाही, एवढे तीनच नियम. पहिल्या फेरीत चिडचिड होईल. तिसऱ्या फेरीत लक्षात येईल की नजर पुढच्याच्या टाचेवर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवली की फट आधीच दिसते, आणि मग शरीर नुसतं खांदा किंचित वळवून त्यात शिरतं. उड्या मारत डावीकडून उजवीकडे जाणारा माणूस प्रत्येक वेळी ब्रेक मारतो आणि पुन्हा वेग पकडतो. पेट्रोल कुठे जातं, हे स्कूटर चालवणाऱ्या कुणालाही समजेल. शर्यतीत तुमच्यापुढे फट नसेल तर वाट बघा. पाच-दहा सेकंदांत ती उघडते.

उभं कुठे राहायचं हेही ठरवून ठेवा. कॉरल, म्हणजे वेगानुसार उभं राहायचे कप्पे, असतील आणि जानेवारीच्या वेळेवरून तुम्हाला जागा मिळाली असेल तर उत्तम. नसतील तर वीस मिनिटं आधी जाऊन आजूबाजूच्यांना सरळ विचारा, किती टायमिंग आहे? तास-सव्वातास म्हणणाऱ्यांच्या जरा पुढे सरका. एकाच रंगाचे टी-शर्ट घालून आलेला ऑफिसचा मोठा गट, हातात सेल्फी स्टिक, हे दिसलं की त्यांच्या मागे राहू नका. तशीच शाळकरी मुलंही. ती शंभर मीटर वाऱ्यासारखी सुटतात आणि मग रस्त्याच्या मधोमध पोटात कळ आली म्हणून वाकून उभी राहतात. चूक त्यांची नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पहिलं वळण जिकडे असेल त्याच्या आतल्या कडेला सगळे चिकटतात आणि तिथे बाटलीच्या तोंडासारखं अडकतं. पहिल्या वळणाला तेवढं बाहेरून जा.

पुढच्या वळणांना मात्र उलट. रस्त्याची शर्यत मोजताना मोजणारे सर्वांत जवळचा मार्ग धरतात, वळणाच्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, आणि शर्यत कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त घालतात. तुम्ही वळणाला त्या मार्गाच्या तीन मीटर बाहेरून गेलात तर एका काटकोनी वळणाला पावणेपाच मीटर जास्त धावता. अशी दहा वळणं म्हणजे सत्तेचाळीस मीटर, तुमच्या पेसला सोळा-सतरा सेकंद. तासाच्या आत यायला जानेवारीच्या वेळेतून तुम्हाला एकूण कमी करायची आहेत एकोणपन्नास! तेव्हा तिसऱ्या किलोमीटरनंतर, गर्दी पातळ झाली की, पुढचं वळण डावीकडे आहे की उजवीकडे ते लांबूनच बघा आणि तिरक्या सरळ रेषेत त्या कडेला जा.

याच कारणाने फिनिशला घड्याळात १०.१० किंवा १०.१५ किलोमीटर दिसतात. लोक आयोजकांना नावं ठेवतात. तुमच्या घड्याळात १०.१० भरले तर तासाच्या आत येण्यासाठी घड्याळावरची सरासरी पेस ५:५५ दिसायला हवी, ६:०० नव्हे. सहाच्या सरासरीवर निवांत राहून ६०:३६ ला पोचलेले आणि मग फिनिशला डोक्याला हात लावून बसलेले मी बरेच बघितलेत.

घड्याळाबद्दल आणखी दोनच गोष्टी. माजिवड्याचा, कॅडबरीचा, नितीन कंपनीचा उड्डाणपूल आणि घोडबंदर रस्त्यावरचं मेट्रोचं बांधकाम यांच्याखालून जाताना जीपीएस गांगरतं. त्या क्षणाची पेस ४:५० किंवा ७:२० काहीही दाखवते. तिच्यावर विश्वास ठेवून पाय आवरू नका आणि ताणूही नका. शक्यतो ऑटो लॅप (घड्याळ दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदवतं ती सोय) बंद करून किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः लॅपचं बटण दाबा. पाटीही कधी शे-पन्नास मीटर सरकलेली असते, म्हणून एका किलोमीटरवरून निष्कर्ष काढायचा नाही, दोन-तीन एकत्र बघायचे. दुसरं, टचस्क्रीन लॉक करा. पावसाचे थेंब बटणं दाबतात. माझ्या गटातल्या एकाचं घड्याळ चौथ्या किलोमीटरला आपोआप थांबलं आणि त्याला ते आठव्याला कळलं.

रस्ता. आपल्याकडे दुभाजकाच्या रस्त्याला बहुधा बाहेरच्या बाजूला, फुटपाथकडे उतार असतो. पाणी डावीकडे साचतं, दुभाजकाकडची बाजू त्यातल्या त्यात कोरडी. वळणावर मात्र रस्ता कलता बांधलेला असेल तर हे उलटं होऊ शकतं. झेब्रा पट्ट्या, पांढरे बाण, गटारांची लोखंडी झाकणं आणि पुलांच्या सांध्यांवरच्या धातूच्या पट्ट्या ओल्या झाल्या की साबणासारख्या. त्यांवरून जाताना पावलं छोटी, पाय शरीराच्या खाली पडलेला, वळायचं नाही. शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर तर गर्दी टाळायला म्हणून चढूच नका, दहा सेकंद वाचवायला गेलेल्यांचे मनगट मोडलेले पाहिलेत. साचलेल्या पाण्यात तळ दिसत असेल तर सरळ जा, वळसा घालू नका. बूट तसेही भिजलेलेच असतात. तळ दिसत नसेल तर तो खड्डा समजून बाजूने जा.

पायाला उघडी जखम किंवा फुटलेला फोड असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावा. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो, आणि तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर डॉक्टरला वेळेत विचारलं तर प्रतिबंधाची गोळी मिळते. ताप येण्याची वाट बघू नका. आणि वीज कडाडायला लागली तर पीबी विसरून आडोसा गाठा. यात चर्चा नाही.

पाच आठवड्यांचा सराव. आठवड्यातून चार दिवस पुरेत, तुमची नोकरी आणि लोकल धरून. एक दिवस वेगाचा: पहिल्या आठवड्यात चार वेळा एक किलोमीटर ५:४५ ने, मध्ये दोन मिनिटं चालणं, मग पाच वेळा, मग सहा वेळा. एक दिवस चढाचा. येऊरचा रस्ता त्यासाठी सोन्यासारखा, उपवनपासून वर. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे आहेत, तेव्हा अंधारात एकट्याने नाही, उजाडल्यावर आणि सोबतीने. जमलं नाही तर कुठल्याही छोट्या चढावर मिनिटभराच्या आठ फेऱ्या. एक दिवस सावकाश बारा-तेरा किलोमीटर. आणि चौथा दिवस म्हणजे या सगळ्यातला खरा धडा, तो मी स्वतः तयार केलेला आहे: पहिला किलोमीटर मुद्दाम ६:३० ने, आणि मग न थांबता पाच किलोमीटर ५:५५ ने. पहिल्यांदा कराल तेव्हा दुसरा किलोमीटर नक्की ५:३५ चा येईल, कारण उशीर झाला की पाय आपोआप पळतात. तो ५:५५ वर आणून बसवायला तीन आठवडे लागतात. हे जमलं की शर्यत जमली.

हा चौथा दिवस एकदा तरी नवी मुंबईतल्या पामबीच रस्त्यावर करा. ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाठलं की पुढे रिक्षा. सपाट, लांब, सरळ रस्ता, आणि पावसाळ्यात खाडीकडून आडवा वारा. वारा अंगावर घेत पेस कशी सांभाळायची ते तिथे कळतं. वारा समोरून आला तर एखाद्या धिप्पाड धावकाच्या मागे जा, पण अगदी पाठीमागे नको, जरा तिरकं, नाहीतर त्याच्या बुटांचं पाणी तोंडावर. पाऊस पडतोय म्हणून सराव बुडवू नका. एक तरी वेगाचा दिवस मुसळधार पावसात, शर्यतीच्याच कपड्यांत आणि बुटांत झाला पाहिजे. कुठे काय काचतं ते कळायला दुसरा मार्ग नाही. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं करा, वेग थोडासा ठेवा.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात आणि त्यात फार काही नाही. आदल्या रात्री नेहमीचा वरण-भात, सकाळी दीड-दोन तास आधी केळं आणि चहा. नेहमी जे पचतं तेच.

आता शर्यतीचा दिवस. रविवारी पहाटे कळव्याहून रिक्षा मिळेलच या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी ठरवून ठेवा. पाऊस असो वा नसो, दहा मिनिटं हलकं पळून वॉर्म-अप करा. गर्दीत उभं राहिल्यावर ते जमत नाही, मग जागच्या जागी गुडघे उचला. चटईवर बटण दाबलं की पहिला किलोमीटर फक्त उभं राहायचं, म्हणजे तोल सांभाळत, कुणाच्या पायात पाय न अडकवता. ६:२० आला तरी ठीक, ६:४० आला तरी ठीक. ६:४० आला तर हप्ता सहा-सात सेकंदांचा होईल, बस्स. दुसरा आणि तिसरा ५:५५ ते सहा. इथे एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे, तुटक चालेल. बोलता आलं नाही तर हवा तुमच्या अंदाजापेक्षा वाईट आहे, पाच सेकंद सोडा. ऑगस्टात गणपतीच्या आधीचे ढोल-ताशाचे सराव जोरात असतात आणि शर्यतीत कोपऱ्या-कोपऱ्यावर पथकं उभी असतात. ढोल ऐकला की पेस ५:३० वर जाते, दरवेळी. हात उंचावून दाद द्या आणि पाय तेवढेच ठेवा.

पाण्याच्या टेबलांपैकी पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्या टेबलापाशी जा. दोन घोट प्या, बाकीचं मानेवर ओता, पाऊस नसेल तर. तासाभराच्या शर्यतीत तहान लागेल तेवढंच प्या, घटाघटा नको. यू-टर्न असेल तर त्याआधी थोडं बाहेर जाऊन आत कापा, कोनाला चिकटून जागेवर गर्रकन वळू नका, ओल्या रस्त्यावर तिथेच लोक आडवे होतात.

चौथा ते सातवा हा कंटाळवाणा भाग आहे आणि पीबी तिथेच होते. इथे पुढचा एक पाठीवरचा रंग निवडायचा, शंभर-दोनशे मीटरमध्ये हळूहळू गाठायचा, मग दुसरा. तुमच्यासारखे पहिल्या दोन किलोमीटरमध्ये उधळलेले लोक आता मागे यायला लागतील, शेकड्याने. मागच्या वर्षी त्यांत तुम्ही होतात. आठव्याला घड्याळ बघा: ४८:०० च्या आत असाल तर काम होणार. ४७:५५ हा ठरलेल्या हिशेबाचा आकडा. नवव्याला दुखेल, दुखू द्या, हात जोरात हलवा, पाय हातांमागे येतात. शेवटचे चारशे मीटर जे असेल ते.

फिनिशला बऱ्याचदा दोन चटया असतात आणि फोटोवाले पहिल्या चटईच्या आधीच हात हलवतात. फोटोसाठी थांबू नका, आणि घड्याळाकडे मान खाली घालूनही येऊ नका. दोन्ही चटया ओलांडून चार पावलं पुढे गेल्यावर बटण दाबा, मग बाजूला व्हा, मागून लोंढा येत असतो. पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, चपला. अंग गार पडायच्या आत बदला. बुटांत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा गिझरपाशी नको. आणि प्रमाणपत्र आलं की आधी नेट टाइमचा रकाना बघा.